बिनफटीचं वळण

एल्झेआर कॉर्मिए आयुष्यात कधी सायकलवर बसला नाही. एकदा वेळ आली होती. त्याच्या मेव्हण्यानं, तांक्रेदनं, दोन्ही हातांनी धरून ठेवतो म्हणून शपथ घेतली होती. पण एल्झेआरनं चाकांकडे नीट बघून मान हलवली.

"जी वस्तू सोडली की आडवी होते, तिच्यावर मी बसत नाही," तो म्हणाला.

"होडी तरी कुठे जमिनीवर उभी राहते, दाजी?"

"म्हणून तर मी होडीतही बसत नाही."

आणि ते खरंच होतं. तीस वर्षं होड्या बांधणाऱ्या या माणसाला पोहता येत नव्हतं.

तो सोरेलचा, मॉन्ट्रियलच्या खालच्या अंगाला नदीकाठी असलेल्या गावचा. तिथे नदी इतकी रुंद होते की पलीकडच्या काठावरची गाय मांजराएवढी दिसते. बाप होड्या बांधायचा, आजाही तेच करायचा. बापाची शिकवायची रीत एकच होती. नवी होडी काठावर ओंडक्यांवर चढवायची, तिच्यात बादल्यांनी पाणी भरायचं आणि पोराला खाली उताणं झोपवायचं. तोंडावर थेंब पडला की तो सांधा शोधायचा, त्यात सणाचे धागे ठासायचे, वर डांबर ओतायचं आणि पुन्हा खाली जाऊन झोपायचं. बाप कधी ओरडला नाही. थेंब पडत असेतो जेवायला हाक मारायचा नाही, एवढंच. दहाव्या वर्षीच एल्झेआरच्या तळहाताला फट डोळ्यांच्या आधी कळायला लागली.

लग्न झालं आणि फिलोमेन घरात आली, त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं घराच्या भिंतींना हात लावला. रोज संध्याकाळी जेवण झालं की हातोडी आणि सण घेऊन बसायचा. खिडक्यांच्या चौकटी, दाराचा उंबरा, जमिनीच्या फळ्या, काही म्हणून सोडलं नाही. जानेवारीत एका दुपारी चुलीचा धूर कुठूनच बाहेर जाईना. फिलोमेन डोळे पुसत, खोकत अंगणातल्या बर्फात येऊन उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "नवऱ्यानं माझ्यासाठी घर बांधलंय, पण वाटतं ते पाण्यात सोडायचा विचार आहे."

एकमेकांना ते 'म्हाताऱ्या' आणि 'म्हातारे' म्हणायचे, अगदी पंचविशीत असल्यापासून. त्या बाजूला नवराबायकोंत तशीच पद्धत आहे. पुढे म्हातारपण आलं तेव्हा निदान नावं बदलावी लागली नाहीत.

त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या त्या सुमाराला नदीवर वाफेची लोखंडी जहाजं वाढली आणि लाकडी होड्यांची मागणी आटली. एल्झेआर कुंपणं दुरुस्त करी, मासेमारांची वल्ही करून देई. अशात एका वसंतात तांक्रेदचा निरोप आला. तांक्रेद मॉन्ट्रियलला घरं बांधणारा सुतार होता. जगभरचे सायकलस्वार त्या ऑगस्टमध्ये अजिंक्यपदाच्या शर्यतींसाठी तिथे येणार होते, आणि शहरातल्या एका क्लबनं नदीकाठी त्यांच्यासाठी लाकडी ट्रॅक बांधायला काढला होता. ट्रॅकच्या दोन सरळ बाजू झाल्या होत्या. वळणं काही केल्या होत नव्हती.

अडचण अशी की वळणावर ट्रॅक बाहेरच्या बाजूनं वर उचललेला लागतो, परातीच्या काठासारखा. सपाटीवरून आलेल्या फळीला हळूहळू कुशीवर व्हावं लागतं आणि त्याच वेळी वाकावंही लागतं. घरं बांधणाऱ्या सुतारांच्या फळ्या तडातड फुटत होत्या. "भिंत वाकडी झाली की आम्हाला शिव्या पडतात," तांक्रेदनं क्लबच्या इंजिनिअरला सांगितलं, "तुम्हाला वाकडंच हवं असेल तर माझ्या दाजीला बोलवा."

हा इंजिनिअर म्हणजे मिस्टर इंग्लिस. उंच, लाल मानेचा स्कॉटिश माणूस, खिशात कायम घड्याळ आणि फुटपट्टी. त्याला फ्रेंच येत नव्हतं, एल्झेआरला इंग्रजी येत नव्हतं, आणि मध्ये उभ्या राहणाऱ्या तांक्रेदला दोन्ही भाषा आपल्या सोयीपुरत्या येत होत्या.

एल्झेआर आपली वाफेची पेटी घेऊन आला. पाइनच्या फळ्या तिच्यात तासभर कोंडायच्या, गरम गरम बाहेर काढायच्या आणि दोघातिघांनी पळत नेऊन सांगाड्यावर पिळून बसवायच्या. पीठ नीट भिजलं की पोळी कशी हाताबरोबर वळते, तशा त्या वळत. शहरातले सुतार काम सोडून बघत उभे राहायचे.

पहिल्याच दिवशी इंग्लिसनं खिशातून तांब्याचं मोठं एक सेंटचं नाणं काढलं, दोन फळ्यांच्या मध्ये उभं धरलं आणि काहीतरी बोलला.

"म्हणतोय, दर दोन फळ्यांत एवढी फट सोडा," तांक्रेद म्हणाला.

"फट?"

"फट. मी सरळ बाजूला सोडलीय तशी."

"ती मला वाटलं तुझी सवय."

एल्झेआरनं मान डोलावली. पहिल्या चार फळ्या त्यानं सांगितल्याप्रमाणे बसवल्या. दुपारी भाकरी खाताना त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या फटींकडे जाई. खालचं गवत दिसत होतं. त्याला ते उघड्या अंगाकडे चारचौघांनी बघावं तसं वाटलं. अर्धी भाकरी टाकून तो उठला, चारही फळ्या उचकटल्या आणि एकमेकींना भिडवून पुन्हा ठोकल्या. त्यानंतर दोन्ही वळणांवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठेही नख शिरेल एवढी जागा उरली नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही असं नव्हे. सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळे खूश झाले. इंग्लिसनं गुडघ्यावर बसून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला आणि एल्झेआरला स्वतःच्या डबीतली सिगार दिली. वर्तमानपत्रानं लिहिलं की पूर्वेचं वळण पियानोच्या झाकणासारखं आहे. तांक्रेदनं ते वाचून दाखवलं. पियानो एल्झेआरनं कधी जवळून पाहिला नव्हता, पण झाकण चांगलं बसतं एवढं त्याला समजलं.

सायकलस्वार त्यानं पहिल्यांदा पाहिला तो जुलैत. सरावाला आलेला कुणी अमेरिकन होता. एल्झेआर वळणाच्या आतल्या बाजूला रंधा पुसत बसला होता. घोडा येतो तेव्हा आधी जमीन हलते, मग टापा, मग फुरफुर. हा माणूस आला तेव्हा आधी काहीच नव्हतं. मग फळ्यांतून रिकाम्या पिंपावर हात घासावा तसा एक आवाज उठला आणि तो वळणावर चढला. चढला म्हणजे भिंतीवर चढला. त्याचं डोकं एल्झेआरच्या बाजूला कललेलं, चाकं बाहेर, सगळं शरीर इतकं आडवं की तो आता खाली घसरणार हे लहान पोरानंही सांगितलं असतं. तो घसरला नाही. दोन बोटं रुंदीच्या रबरावर, स्वतःच्या दोन पायांच्या जोरावर, एक माणूस हवेला टेकून गेला. एल्झेआरच्या हातातला रंधा तसाच राहिला. त्यानं टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी, आणि तो माणूस पुन्हा फिरून आला तरी ती डोक्यावर घालायचं त्याला सुचलं नाही.

रविवारी सोरेलला गेल्यावर फिलोमेननं विचारलं, "कसं असतं रे ते?"

मग त्यानं सूपमधला एक वाटाणा काढला, रिकाम्या वाडग्यात टाकला आणि वाडगा हातात धरून गोल फिरवला. वाटाणा काठापर्यंत चढला आणि तिथेच पळत राहिला.

"हा माणूस आहे," तो म्हणाला.

फिलोमेन वाटाणा थांबेपर्यंत बघत राहिली. "आणि वाडगा तू केलास," ती म्हणाली. त्याच दिवशी तिनं ठरवलं की शर्यतींना आपण जायचं, नवी हॅट घालून.

ऑगस्टमध्ये शर्यतींचा पहिला दिवस लखलखीत गेला. झेंडे, बँड, स्टँडमध्ये माणसांवर माणसं. डेन्मार्कचे, फ्रान्सचे, इंग्लंडचे, अमेरिकेचे गडी, सगळ्यांच्या पोटऱ्या नांगराच्या बैलासारख्या आणि अंगावर नुसती लोकरीची बनियन. त्या दिवशी सरळ बाजूवर एक इंग्लिश गडी दुसऱ्याच्या चाकाला लागून पडला. त्याच्या मांडीतून डॉक्टरनं वीतभर लांब काडी काढली. एल्झेआर जवळच होता. काडी पाइनची होती हे त्यानं बघताक्षणीच ओळखलं.

मग पाऊस लागला. दोन दिवस, दोन रात्री नदीवरून आडवा पाऊस. शर्यती शनिवारवर ढकलल्या. क्लबचे लोक छत्र्या घेऊन ट्रॅकवर येत आणि कौतुकानं बघत. सरळ बाजूंच्या फटींतून पाणी खाली टपकत होतं, पण वळणावर पडलेला थेंब न् थेंब काचेवरून वाहावा तसा घरंगळून जात होता. "खाली एक टिपूस नाही," इंग्लिस म्हणाला. तांक्रेदनं ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा एल्झेआरला बापाची आठवण झाली आणि बरं वाटलं.

शनिवारी पहाटे उघडलं. सहाला एल्झेआर आणि तांक्रेद गोणपाटं घेऊन ट्रॅक पुसायला गेले. दुपारी तीनला मैलाची अंतिम शर्यत होती, साऱ्या जगातून उरलेल्या पाच जणांची. पश्चिमेच्या वळणावर मोठ्या स्टँडचं छप्पर झुकलेलं होतं, त्यामुळे ते वळण बरंचसं कोरडं राहिलं होतं. पूर्वेचं वळण नदीकडे तोंड करून उघडं. एल्झेआरनं बूट काढले, कारण ओल्या लाकडावर तो नेहमी अनवाणीच चालायचा, आणि वळण चढू लागला.

मध्यावर त्याचा पाय थांबला. त्यानं एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा पुढे टाकलं. मग खाली बसून डोळे मिटले आणि तळहात फळ्यांवरून आडवा नेला.

"काय सापडलं?" तांक्रेदनं खालून विचारलं.

"वर ये."

तांक्रेदनं हात लावला. त्याला काही कळेना. एल्झेआरनं त्याचं मनगट धरून हात पुढे नेला आणि मग त्याला कळलं. तीसेक पावलांच्या लांबीत ट्रॅकचं पोट वर आलं होतं. बोटाच्या पेराएवढं असेल. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

पाण्यानं फळी फुगते, हे एल्झेआरला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं त्या फुगण्याच्याच जिवावर त्याच्या होड्या तरंगल्या होत्या. पाण्यात गेलं की फळी फळीला घट्ट धरते, सांधे आवळतात. पण होडीचं अंग मोकळं असतं, फुगलं तर त्याला जागा असते. इथे फळ्या खालच्या कडेला जाड तुळईनं आणि वरच्या कडेला कठड्याच्या खांबांनी पकडलेल्या होत्या. फुगून त्या जाणार कुठे? त्या वर आल्या. सेंटच्या जाडीची ती फट कशासाठी होती ते एल्झेआरला तिथे बसल्या बसल्या समजलं. फट पाण्यासाठी नव्हती. ती लाकडाला श्वास घ्यायला होती.

"ऊन पडलंय," तांक्रेद हळू आवाजात म्हणाला. "तीनपर्यंत सुकेल."

"आठवडा लागेल."

"दाजी, ऐका. कुणाला दिसत नाहीये. मला स्वतःला दिसलं नाही. सगळं शहर या वळणाचं नाव घेतंय. तुम्ही आता जाऊन सांगितलंत, तर उद्यापासून तुमच्याकडून कुणी कोंबड्यांचं खुराडं तरी बांधून घेईल का?"

एल्झेआरच्या डोळ्यांपुढे तो अमेरिकन होता, हवेला टेकून गेलेला. तशा वेगात, तशा कलत्या अंगानं, चाक या पेरभर उंचवट्याला लागलं तर काय होईल हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि एकामागोमाग पाच जण असणार.

"त्यांच्या अंगात नुसती बनियन असते रे," तो म्हणाला, आणि बूट हातात घेऊन इंग्लिसच्या खोलीकडे चालू लागला.

इंग्लिस दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून तो ट्रॅकवर आला, त्यानं हात फिरवला, फुटपट्टी आडवी ठेवली, तिच्याखालून उजेड पाहिला आणि मग बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मानेची लाली कानांपर्यंत गेली.

"काय म्हणतोय?" एल्झेआरनं विचारलं.

"तुमच्या घरच्यांची विचारपूस करतोय," तांक्रेद म्हणाला. "एकेकाची. मेलेल्यांची पण."

"त्याला सांग, वळणाच्या लांबीत तीन ठिकाणी करवत घालतो. लाकडाला बसायला जागा होईल. बारापर्यंत होईल."

इंग्लिसनं घड्याळ काढलं. "आणि नाही झालं तर?"

"तर शर्यत बंद करा आणि कुणामुळे ते सगळ्यांना सांगा. माझं आडनाव नीट लिहायला सांगा."

तांक्रेदनं शेवटचं वाक्य भाषांतरात गाळलं असावं, पण इंग्लिसला ते चेहऱ्यावरून कळलं. त्यानं साबण बाहीला पुसला. मग एकदम वेगळ्या आवाजात काही म्हणाला.

"म्हणतोय, हात त्यानंही फिरवला होता," तांक्रेद म्हणाला. "दोनदा."

करवत बारीक दातांची हवी होती. चीर रुंद झाली तर चाकच अडकायचं. शिवाय खालच्या तुळ्यांना दात लागून चालणार नव्हतं, म्हणून पातं जवळजवळ आडवं धरून, दोन तुळ्यांच्या मध्ये करवत आणि तुळईवर आलं की पटाशी, असं वीतवीत पुढे जायचं होतं. एल्झेआरनं पहिल्या सांध्यावर करवत टेकवली आणि तसाच थांबला. हे लाकूड त्यानं स्वतः निवडलेलं, स्वतः वाफवलेलं. ज्या हातांनी जन्मभर सांधे बुजवले, त्यांना ही उलटी चाल येईना.

मग करवत चालू झाली. पाच-सहा पावलं गेल्यावर लाकडानं पातं धरलं. मागे येईना, पुढे जाईना. इतका दाब होता आत. पाचर मारून ते सोडवावं लागलं. दहाच्या सुमाराला पहिली चीर संपत आली असताना बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. मैदानातले झाडूवाले, झेंडे बांधणारे, सगळे वळून बघायला लागले. इंग्लिस धावत आला. एल्झेआर गुडघ्यांवर तसाच बसला होता, दोन्ही तळवे फळ्यांवर टेकून.

"मोडलं?" तांक्रेदनं विचारलं.

"बसलं," एल्झेआर म्हणाला. "हात लाव."

पोट निम्मं उतरलं होतं. आणि जी चीर पाडली होती तिच्यात दोन्हीकडून लाकूड सरकून आलं होतं, आता तिच्यात सेंटसुद्धा गेलं नसतं. केवढा जोर त्या मुक्या फळ्यांनी दोन दिवस अंगात दाबून धरला होता. एल्झेआर थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपण तीस वर्षं लाकूड कापतोय आणि ते आपल्याला आत्ता भेटतंय.

दुसरी चीर, मग तिसरी. बाराला पंधरा मिनिटं कमी असताना इंग्लिसनं फुटपट्टी आडवी ठेवली आणि तिच्याखाली उजेड दिसला नाही.

एवढ्यात सराव करायला डेन्मार्कचा गडी आला, खांद्यावर सायकल टाकून. थोरसागर त्याचं आडनाव. अंतिम शर्यतीतल्या पाचांपैकी एक. ट्रॅकवर करवतीचा भुसा बघून तो थबकला. त्यानं एल्झेआरकडे पाहिलं, भुशानं पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे, सोललेल्या गुडघ्यांकडे. खाली वाकून चिरेत अंगठ्याचं नख घातलं. मग त्यानं सायकल खाली ठेवली, एक हळू फेरी मारली, दुसरी जोरात, आणि तिसऱ्या फेरीला जिवाच्या आकांतानं बरोबर त्या चिरेवरून गेला. एल्झेआरनं श्वास रोखला होता. परत येऊन थोरसागर उतरला, एल्झेआरला एकच शब्द म्हणाला आणि आपली शर्यतीआधीची कच्ची अंडी फोडून प्यायला निघून गेला.

"काय म्हणाला?"

"मला काय ठाऊक," तांक्रेद म्हणाला. "शिवी असेल तर फार सभ्य लोकांची असणार."

दुपारी एकला फिलोमेन बोटीनं आली. नवी हॅट, हातात ब्लूबेरीची टोपली. तांक्रेदनं तिला फाटकापाशीच सगळं सांगून टाकलं होतं. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली, त्याच्या भुवयांवरचा भुसा हातरुमालानं झटकला.

"माझ्या घरात पंचवीस वर्षं वाऱ्याची झुळूक येऊ दिली नाहीस," ती म्हणाली, "आणि आज साऱ्या जगासमोर फटी पाडत बसलास."

"तीनच पाडल्या."

"तू बसणार कुठे? तांक्रेदनं दोघांसाठी जागा धरलीय."

एल्झेआरनं वळणाच्या खालच्या अंधाराकडे बोट दाखवलं. चिरा तापल्या की त्यांच्याखाली आधाराला ठोकलेल्या पाचरी सैल पडतील, खिळे उचलतील. तिथे खाली हातोडी घेऊन कुणीतरी कान देऊन बसायलाच हवं होतं, आणि त्यासाठी इंग्लिसनं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंही नव्हतं.

"मग मीही येते खाली."

"नको, म्हातारे. तू वर बस. काय झालं ते मला कुणीतरी सांगायला हवं, आणि तांक्रेदचं भाषांतर मला पुरे झालंय."

ट्रॅकखाली वाकून चालावं लागायचं. ओल्या मातीचा वास, तुळ्यांची रांग, आणि डोक्यावर उतरतं छप्पर, जे छप्पर नव्हतं. तीन चिरांतून उन्हाच्या तीन पातळ रेघा आत आल्या होत्या. एल्झेआर मधल्या रेघेखाली बसला. पाचरी तपासल्या, दोन घट्ट केल्या. वर बँड थांबला. माणसांचा आवाज हळूहळू विरला.

बंदूक वाजली आणि काहीच झालं नाही. म्हणजे त्याला तसं वाटलं. पाच जण इतके सावकाश आले की चाकं सांध्यावरून जाताना टक्, टक् असं मोजता येत होतं. पोस्टमन सायकलवरून जातो तसे. एल्झेआरला वाटलं, बिघडलं काहीतरी. मैलाच्या शर्यतीत हे लोक आधी एकमेकांकडे बघत रेंगाळतात आणि कुणी आधी जोर लावत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. दुसरी फेरीही तशीच. एकजण तर जवळजवळ थांबला, नेमका त्याच्या डोक्यावर. फळी त्या वजनाखाली कण्हली. एल्झेआरनं हात वर करून तिला खालून टेकू दिला. एका माणसाचं वजन त्याच्या तळहातावर पेललं गेलं आणि पुढे सरकलं.

घंटा वाजली. शेवटची फेरी.

लांबून, पश्चिमेकडून, तो आवाज सुटला. ट्रॅकच्या सगळ्या लाकडातून तो गोल फिरत येत होता, सरळ बाजूवरून, तांक्रेदच्या फळ्यांवरून, आणि येता येता वाढत होता. तुळ्यांना तो आधी कळला. मातीतल्या खांबांना कळला. एल्झेआरच्या दातांना कळला. त्यानं दोन्ही तळवे वरच्या फळीला लावले आणि डोळे उघडे ठेवले.

मग ते वळणावर आले. सगळं छप्पर एकदम त्याच्यावर दाबलं गेलं, धूळ डोळ्यांत पडली, आणि डोक्यावरची उन्हाची रेघ विझली, पेटली, विझली, पेटली. पाच वेळा. इतक्या भरभर की मोजणं नंतर आठवून करावं लागलं. पाच माणसं त्याच्या तळहातांवरून उडत गेली. फळी खाली गेली आणि तितकीच वर आली. पाचव्यानंतर ती जशी होती तशी होती, फक्त आतून बारीक थरथरत होती, घोड्याची कातडी थरथरते तशी. आवाज वळणातून बाहेर पडला, सरळ बाजूला लागला आणि वर हजारो माणसं एकदम ओरडली.

एल्झेआरला हात खाली घेता येईनात. कितीतरी वेळ तो तसाच बसून राहिला, वर हात केलेला. त्याच्या तोंडून एक प्रार्थना निघाली होती. ती कधी सुरू झाली आणि कुठवर आली होती हे त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

इंग्लिस वाकून आत आला. गुडघ्यांना माती लागली तरी त्याला पर्वा नव्हती. त्यानं पाचरी पाहिल्या, चिरा पाहिल्या, एल्झेआरकडे पाहिलं. तांक्रेद जवळ नव्हता, त्यामुळे दोघांनाही काही बोलता आलं नाही. इंग्लिसनं हात पुढे केला. एल्झेआरनं आपला तळवा पँटला पुसला आणि मग त्याच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर उजेडानं त्याला क्षणभर काही दिसेना. फिलोमेन कठड्यापाशी उभी होती, हॅट एका कानावर कललेली.

"सांग," तो म्हणाला. "कसं झालं?"

तिनं हॅट सरळ केली.

"म्हातारे, जिंकलं कोण?"

"मला नाही माहीत," फिलोमेन म्हणाली. "तुझ्या वळणावर आले की मी डोळे मिटत होते. शेवटच्या फेरीला मिटले ते मग उघडलेच नाहीत. शेजारच्या बाईनं माझा दंड हलवून सांगितलं, संपलं म्हणून. पाचही जण पायांवर चालत होते. तेवढं मोजलं मी."

"मीपण तेवढंच मोजलं," एल्झेआर म्हणाला.

तांक्रेद लांबून हात हलवत, काहीतरी सांगत येत होता. त्या दोघांनी त्याला येऊ दिलं. पण तो पोचायच्या आत पुढच्या शर्यतीची घंटा झाली. अजून दोन शर्यती बाकी होत्या. एल्झेआरनं बायकोच्या टोपलीतून मूठभर ब्लूबेरी उचलल्या, हातोडी काखेत धरली आणि वाकून पुन्हा खाली गेला.